पाण्याचा तुकडा

मंगळवारी संध्याकाळी चित्र यायचं,
गुरुवारी सकाळी फ्लीट स्ट्रीटवर अंक विकायला.
एका हाताचं काम नव्हतं ते.
बॉक्सवुडचा मोठा ठोकळा, मागून बोल्टांनी जोडलेला,
फोरमन किल्लीने सुटा करायचा,
आणि सोळा टेबलांवर सोळा दिवे लागायचे.
चेहरे थोरल्या स्टॅगकडे.
हात, बटणं, घड्याळाच्या साखळ्या धाकट्या स्टॅगकडे.
धूर कॉर्कहून आलेल्या त्या पोराकडे, त्याच्या धुराला वास यायचा.
"आणि मिस क्रोल, तुम्हाला पाणी."

अकरा वर्षं मी थेम्स कोरली.
सगळ्यांना वाटतं आम्ही रेषा कोरतो.
रेषा राहते; कोरून काढायचा असतो उजेड.
जितका उजेड उपसाल तितकं पाणी काळं.

वर काय चाललंय ते मला गुरुवारीच कळायचं,
सगळ्या लंडनला कळायचं तेव्हा.
एकदा निघालं की माझ्या पाण्यावर जीवरक्षक होडी लोंबतेय,
होडीत कोबी, सहा कोंबड्या, बँडवाल्याचा ढोल,
आणि खलाशी म्हणतोय, "भरली हो, पुढची बघा."
एकदा सरकारी इन्स्पेक्टर. बॉयलरला छत्रीचं टोक लावून म्हणतो, "ठणठणीत!"
आणि टोक पलीकडून बाहेर.
एकदा ग्रेव्हझेंडच्या खिडकीत तिकीटवाला:
"परतीचं कशाला, बाई? पैसे बुडतील."
हे वाचून मीही हसले, शाई अजून ओली होती.

सगळ्यात मोठ्याने हसले हॅडो,
स्टीमर कंपनीचे मालक.
कोब्यांचं मूळ चित्र त्यांनी तीन गिनींना विकत घेतलं,
सोनेरी चौकट केली
आणि धक्क्यावरच्या ऑफिसात टांगलं.
येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे,
"बघा, आम्ही किती खिलाडू वृत्तीचे."
होडीत कोबी होतेच त्या दिवशीही.

सप्टेंबरातला रविवार. "लेडी मॉर्विना" शीअरनेसहून परत निघाली,
परवाना पाचशेचा, माणसं कुणी मोजली नाहीत.
धाकटा स्टॅग होता तिच्यावर, नवा कोट घालून,
बेकरीतल्या एका मुलीबरोबर. तिचं नाव आम्हाला नंतर कळलं.

गॅसच्या कारखान्याच्या शेडमध्ये रांगा लावल्या होत्या.
नदीने चेहरे ठेवले नव्हते.
पोलीस वहीतून मोठ्याने वाचत होता,
आणि बायका ऐकत होत्या:
"पुरुष, वय वीसच्या आसपास, कोट करडा,
बटणं सात, हाडाची. वरून तिसरं निराळं. शिंपल्याचं."
थोरला स्टॅग म्हणाला, "आमचा."
ते तिसरं बटण मीच शिवलं होतं, दुकानात, शनिवारी,
घाईत, हाताला लागेल ते.

त्या आठवड्यात संपादकांनी विनोद बंद ठेवला.
दुहेरी पान काढलं:
मुकुट घातलेला मृत्यू सुकाणूवर,
किनाऱ्यावर ओणवी, रडणारी ब्रिटानिया,
खाली लॅटिनमध्ये एक ओळ.
लोकांनी ते कापून भिंतींना लावलं.
हॅडोंनाही ते फार भावलं म्हणे,
डोळे टिपले त्यांनी.
का नाही भावणार?
त्यात बॉयलर नव्हता, छत्री नव्हती, एक कोबी नव्हता.
मृत्यूला कुणी परवाना मागत नाही.

मला पाणी.
रात्री दोन वाजता, फोरमन चहाला गेला तेव्हा,
डाव्या कोपऱ्यात, लाटेच्या पोटाशी,
चार ठिपके राखले
आणि त्यांच्याभोवती वाटाण्याएवढा उजेड काढला.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
थोरल्या स्टॅगच्या आलं असावं.
गुरुवारी अंक घेऊन तो माझ्या टेबलापाशी उभा राहिला,
काही बोलला नाही,
माझा दिवा थोडा मोठा केला
आणि आपल्या चेहऱ्यांकडे परत गेला.